पावशेर दालचिनी

मार्च महिन्यात आमच्या नाक्यावरच्या मिरची कांडपाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. बेडगी आणि लवंगीचा खकाणा हवेत तरंगत असतो, नाकाला पदर लावून बायका आपापल्या पिशव्या सांभाळत उभ्या असतात, आणि यंत्राच्या धडधडीत कुणाचं बोलणं कुणाला नीट ऐकू येत नाही. माझ्या पुढे एक गृहस्थ होते. साठीच्या पुढचे, पांढरा सदरा, हातात घडी घातलेली कापडी पिशवी. त्यांनी पावशेर दालचिनी मागितली आणि वस्त्रगाळ दळून द्या म्हणाले. दुकानदाराने सवयीने विचारलं, "मिरची किती किलो आहे, काका?" "मसाल्याला नाही हो, शुगरला," ते म्हणाले. "रोज सकाळी अनशापोटी एक चमचा, कोमट पाण्यातून." दुकानदाराने मान डोलावली आणि जाड, टणक, गडद तपकिरी साल तराजूत टाकली. ती तागडीत पडताना खडखड वाजली. पूड झाल्यावर गृहस्थांनी पुडी नाकाजवळ नेऊन वास घेतला, पैसे दिले आणि पिशवी छातीशी धरून गर्दीतून वाट काढत निघून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर सहसा दिसत नाही.

माझा मसाला कुटून झाला, मी घरी आले, डबे भरले, ओटा पुसला. तरी ते काका डोक्यातून जाईनात. दालचिनी औषधी आहे यावर माझा विश्वास आहे, अगदी मनापासून आहे, कारण मी ती औषध म्हणूनच आधी ओळखायला लागले आणि मसाला म्हणून नंतर. मला खटकला तो पावशेर. आमच्या घरी औषधाची दालचिनी कधी वजनावर मोजली गेली नाही. ती नखाएवढी असायची, पेराएवढी असायची, फार झाली तर अर्धी काडी. पावशेर म्हणजे पंचवीस माणसांच्या पुलावाची दालचिनी, तीसुद्धा वर्षभराची.

थोरल्या काकूचं घर गुहागरच्या बाजूला, आगरातलं. माड, पोफळी, त्यांच्या सावलीत जायफळ, खोडांवर चढलेले मिरीचे वेल आणि न्हाणीघराच्या पाठीमागे दालचिनीचं एक झाड. नारळाच्या बागेत अशी मसाल्याची झाडं लावायच्या पद्धतीला रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने 'लाखी बाग' म्हणून लोकांपर्यंत पोचवलं, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही दालचिनीची जात आता रोपवाटिकांतून मिळते. काकूच्या सासऱ्यांनी लावलेल्या झाडाला असं काही नाव नव्हतं. त्याला तांबूस कोवळी पालवी फुटली की दुरून फुलं आल्याचा भास व्हायचा. पानाच्या देठापासून टोकाकडे तीन ठळक शिरा. पान हातात चुरगळलं तर वास लवंगेचा यायचा, दालचिनीचा नाही, आणि याचं मला भारी नवल वाटायचं. खूप पुढे त्याचं कारण वाचलं. पानाच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असतं, तेच लवंगेच्या तेलातही असतं. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड असतं, दालचिनीचा ओळखीचा गोड-तिखट वास त्याचा. आणि मुळाच्या सालीत कापूर. झाड एक, आणि त्याच्या अंगात तीन निरनिराळी द्रव्यं. त्यामुळे 'दालचिनीचं तेल' असं नुसतं लिहिलेली बाटली मी विकत घेत नाही. दुखऱ्या दाढेला पानाचं तेल बोळ्याने लावणं वेगळं आणि सालीचं तेल तोंडात घेणं वेगळं. सालीच्या तेलाचा थेंब हिरडीला लागला तर भाजतं, कातडीवर लाल चट्टा उठतो, आणि काहींना त्याची कायमची ॲलर्जी होऊन बसते.

साल काढायची ती फांदीत रस असताना, नाहीतर ती लाकडाला चिकटून बसते आणि नुसते तुकडे पडतात. सरळ वाढलेली, अंगठ्याएवढ्या जाडीची फांदी तोडायची. वरची करडी, खरखरीत साल सुरीने खरवडून टाकायची, औषध तिच्यात नसतं. मग उघडी पडलेली आतली साल पितळेच्या दांडीने दाबून दाबून घासायची, म्हणजे ती आतून सुटते. काकूकडे त्यासाठी झोपाळ्याची एक जुनी पितळी कडी होती. ती घासताना फांदीतून चुळुकचुळुक असा बारीक आवाज यायचा. दोन्ही बाजूंनी लांब चीर देऊन सुरीच्या टोकाने साल उचलली की ती अखंड निघायची, आतून पांढुरकी आणि बुळबुळीत. थोड्याच वेळात तिला तपकिरी रंग चढायचा. सुपात घालून सावलीत ठेवायची. वाळता वाळता तिच्या दोन्ही कडा आपोआप आत वळायच्या. काकू लहान सुरळ्या मोठ्या सुरळ्यांत सरकवून ठेवायची. श्रीलंकेत साल सोलणारे कारागीरही याच रीतीने एकात एक घालून लांब कांड्या करतात, फक्त त्यांच्या बोटांत पिढ्यान्‌पिढ्यांची सफाई असते. त्या दिवशी आमच्या हातांना रात्रीपर्यंत वास असायचा, आणि चुकून कुणी डोळा चोळला की घरभर बोंब व्हायची.

ही साल काकू अडकित्त्याने कातरायची. सुपारी कातरावी तशी, तितकीच बारीक. पोट डब्ब झालं, ढेकर अडकला, की चिमटीभर कातरण पाण्यात उकळून, गाळून, वर चिमूटभर सैंधव. प्यायल्यावर पोटात ऊब उतरायची आणि थोड्या वेळाने वारा सरायचा. दालचिनीचं हे काम जगभरच्या घरांतून इतक्या शतकांपासून चालत आलंय की त्याबद्दल मला शंका वाटत नाही. सर्दीने डोकं जड झालं की सहाणेवर दोन थेंब पाणी टाकून दालचिनी उगाळायची आणि तो लेप कपाळावर. आधी गार, मग चुरचुर, मग चांगलंच भाजायला लागायचं. डोळ्यांतून पाणी यायचं, नाक मोकळं झाल्यासारखं वाटायचं. लेप वाळायला आला की काकू ओल्या फडक्याने पुसून टाकायची, मी "राहू दे" म्हटलं तरी. "उतलं तर कपाळावर डाग घेऊन शाळेत जाशील," म्हणायची. त्या भाजण्याने डोकेदुखी जायची की भाजण्याकडे लक्ष गेल्यामुळे दुखण्याचा विसर पडायचा, हे मला आजही सांगता येणार नाही. पण तिची बोटं कपाळावरून फिरायची, तेवढ्यानेही अर्धं दुखणं उतरायचं, हे नक्की आठवतं.

आणि एसटी. गुहागरहून पुण्याकडे निघालेली गाडी चिपळूण सोडून पोफळीला आली, कुंभार्ली घाट चढायला लागली, की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. डिझेलचा वास, पुढच्या बाकावरच्या बाईच्या गजऱ्याचा वास, खिडकीबाहेर गरगरणारी दरी. निघताना काकूने फ्रॉकच्या खिशात दालचिनीचा तुकडा ठेवलेला असायचा. "चावू नकोस हां, नुसता गालात धर." पहिल्यांदा लाकडाची चव, मग हळूहळू गोडवा, मग जिभेच्या कडेला तिखट चरका. त्या चरक्यावर मन एकवटून मी हेळवाक यायची वाट बघायची. उलटी थांबायची का? कधी थांबायची, कधी नाही. मळमळीसाठी आल्याची ख्याती दालचिनीपेक्षा मोठी आहे आणि त्यामागे पुरावाही जास्त आहे. पण घाटातल्या त्या तासाभरात माझ्या हाती काहीतरी उपाय आहे ही भावना दालचिनीने दिली, हे मी विसरणार नाही.

काकू नाही म्हणायची, हे मात्र मला फार नंतर महत्त्वाचं वाटायला लागलं.

थोरल्या काकांना पित्ताचा त्रास होता, छातीत जळजळायचं. त्यांनी कितीही मागितला तरी त्यांना तो काढा मिळायचा नाही. ताईआत्याला दिवस होते तेव्हा दालचिनीची बरणीच वरच्या फळीवर गेली. तोंड आलेल्या पोराला नाही, घोळणा फुटतो त्याला नाही, वैशाखात कुणालाच नाही. द्यायच्या आधी ती विचारायची: काल काय खाल्लंस, पोट साफ झालं का, लघवीला जळजळ आहे का? आणि तीन दिवसांत बरं वाटलं नाही तर बरणी बंद करून गुहागरच्या डॉक्टरांकडे घेऊन जायची. बाळाच्या घुटीत ती सुंठ, हळकुंड, जायफळ असं बरंच काही उगाळायची, पण दालचिनी नाही. "तापट असते ती," एवढंच कारण. काकू चौथी शिकलेली होती. औषध कुणाला, किती आणि किती दिवस, या तीन प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे तयार असायची.

वैद्यांच्या चूर्णांतही हीच हातराखी दिसते. खोकल्यावर घराघरात असतं ते सितोपलादि चूर्ण घ्या. खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन आणि दालचिनी एक. प्रत्येक पायरीला निम्मं निम्मं होत जाणारं ते माप मला फार देखणं वाटतं. एकूण एकतीस भागांत दालचिनी एकच भाग, म्हणजे तीन ग्रॅम चूर्ण मधातून चाटलं तर त्यात दालचिनी ग्रॅमच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी. वेलची, तमालपत्र आणि दालचिनी मिळून त्रिजात, त्यात नागकेशर आलं की चातुर्जात. कितीतरी चूर्णांत, अवलेहांत हे चौघे शेवटी येतात, च्यवनप्राशातही. चव आणतात, भूक चेतवतात, बाकीच्या औषधांना पोटात नीट पोचवतात. मुख्य पाहुणा दुसराच असतो.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी, २०२० साली, आयुष मंत्रालयाने काढा सुचवला होता तेव्हा त्यातही माप होतं. तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. या पुडीतली तीन ग्रॅम दीडशे मिलिलिटर पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. पण आमच्या इमारतीत तो काढा पातेलीच्या पातेली उकळला जात होता. थर्मासमध्ये भरून दिवसभर प्यायला जात होता. माणसं घाबरलेली होती, दारं बंद होती, आणि हाताला करण्यासारखं तेवढंच एक काम होतं. त्या महिन्यांत जिना चढताना प्रत्येक मजल्यावर दालचिनीचा वास यायचा. पुढे उन्हाळा वाढला तसं कुणाचं तोंड आलं, कुणाला छातीत आग, कुणाची मूळव्याध उसळली. मला त्यांचा राग येत नाही. भीतीने माणूस मुठीने घेतो.

बाबांना मधुमेह निघाला तेव्हा त्यांच्याही हातात अशीच मूठ आली. मेटफॉर्मिन सुरू झालं, साखर बंद झाली, आणि ज्या माणसाने आयुष्यभर पहाटे उठून स्वतःचा चहा स्वतः केला त्याला काय खावं, कधी खावं हे दुसरे सांगायला लागले. मग कुणीतरी मोबाइलवर मध-दालचिनीचा निरोप पाठवला. तुम्हीही तो वाचला असेल: हृदयविकार, सांधेदुखी, केसगळती, कॅन्सर, सगळ्यावर एकच उपाय. त्या निरोपाच्या मुळाशी १७ जानेवारी १९९५च्या 'वीकली वर्ल्ड न्यूज'चा हवाला असतो आणि ते कॅनडातलं मासिक असल्याचं सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात ते अमेरिकेतलं एक साप्ताहिक होतं, परग्रहवासी आणि अर्धा माणूस अर्धा वटवाघूळ अशा मुलाच्या बातम्या पहिल्या पानावर छापणारं. वर्षानुवर्षं तो मजकूर भाषा बदलत हिंडतो आहे आणि आमच्या आजारी माणसांच्या हातात पडतो आहे. बाबांना तो खरा वाटला, कारण त्यातल्या दोन्ही वस्तू घरात होत्या. रोजचा चमचा सुरू झाला. काकूच्याच झाडाची दालचिनी त्यांनी लहानपणी खाल्ली होती. गोळी कारखान्यातून आली होती, दालचिनी घरची होती. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय काय घेता?" तर त्यांनी रक्तदाबाची गोळी सांगितली, डोळ्यांचे थेंब सांगितले, मधुमेहाची गोळी सांगितली. दालचिनी सांगितली नाही. लपवायची म्हणून नाही, ती औषधांच्या यादीत मोजायची असते हे त्यांच्या मनातच आलं नाही.

मधुमेहाचं म्हणणं अगदीच हवेतलंही नाही, म्हणून तर गुंता होतो. २००३ साली पाकिस्तानात साठ मधुमेही रुग्णांवर एक प्रयोग झाला. काहींना दालचिनीच्या रोज एक, तीन किंवा सहा ग्रॅमच्या कॅप्सूल, काहींना नुसत्या पिठाच्या, चाळीस दिवस. दालचिनीवाल्यांची अनशापोटीची साखर अठरा ते एकोणतीस टक्क्यांनी उतरली. ही बातमी जगभर गेली आणि तेव्हापासून दालचिनीच्या मागे 'शुगर' लागली. पुढे आणखी प्रयोग झाले, त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळेनात. २०१२ साली कोक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी दहा चाचण्या, ५७७ माणसं एकत्र करून तपासलं आणि मधुमेहावर दालचिनी द्यावी म्हणण्याइतका पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गटाने अशाच दहा चाचण्या जोडून पाहिल्या. सकाळची साखर थोडी उतरलेली दिसली, पण तीन महिन्यांची हालहवाल सांगणारं एचबीए१सी जागचं हललं नव्हतं. ज्याची किडनी, डोळे, पावलं पणाला लागलेली असतात त्याच्यासाठी तो तीन महिन्यांचा आकडाच खरा. गोळी बंद करून दालचिनीवर भरवसा टाकणाऱ्या माणसाला मी हात धरून थांबवेन, मग तो ओळखीचा असो वा नसो.

आता त्या तागडीत खडखडलेल्या सालीकडे येते. बाजारात दालचिनी म्हणून विकली जाणारी बहुतेक साल ही तज असते, कॅशिया. व्हिएतनाम, चीन, इंडोनेशिया इथून येते. जाड, टणक, एकच वळसा घेतलेली. मिक्सरचं पातं अडवते, वास मात्र झणझणीत. श्रीलंकेची किंवा आपल्या कोकणातली खरी दालचिनी फिकट, ठिसूळ, एकात एक पापुद्रे असलेली. दोन बोटांत चुरते, वास मंद आणि गोडसर. पदार्थाला दोन्ही चालतात, बिर्याणीला तर मला तजच आवडते. औषधाला मात्र फरक पडतो, आणि तो कूमारिन नावाच्या द्रव्यामुळे पडतो. खऱ्या दालचिनीत ते नावापुरतं असतं. तजेत भरपूर असतं. काही माणसांच्या यकृताला ते सोसत नाही. अमेरिकेने १९५४ सालीच खाण्यात वरून कूमारिन मिसळायला बंदी घातली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने २००६ साली नाताळातल्या दालचिनीच्या बिस्किटांवरून लोकांना सावध केलं. त्यांचा हिशेब सोपा आहे. वजनाच्या दर किलोमागे रोज ०.१ मिलिग्रॅम कूमारिन आयुष्यभर चालेल. साठ किलोच्या माणसाला सहा मिलिग्रॅम. तजेच्या एका ग्रॅम पुडीत साधारण तीन मिलिग्रॅम असतं, म्हणजे दिवसाला दोन ग्रॅमवर हद्द संपली. चहाचा सपाट चमचा अडीच ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि औषधाचा चमचा आपण सपाट कुठे भरतो? पंधरा किलोच्या मुलाची हद्द तर अर्ध्या ग्रॅमवर येते. एखाद्या दिवशी जास्त गेलं म्हणून काही होत नाही. नाताळचं बिस्कीट, दिवाळीचा पुलाव यांना घाबरायचं कारण नाही. प्रश्न रोज सकाळच्या चमच्याचा आहे, महिनोन्‌महिने घेतलेल्या. ज्यांना आधीच यकृताचा त्रास आहे, जे यकृतावर ताण आणणाऱ्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय हा चमचा भरूच नये.

दोन साली वेगळ्या, हे कालपरवाचं ज्ञान नाही. सोळाव्या शतकातल्या भावमिश्र या आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनी एका सालीचे गुण उष्ण, पित्त वाढवणारी, कफवात हरणारी असे सांगितले आणि पातळ सालीची गोड दारुसिता वेगळी काढून ती वातपित्त शमवणारी, तोंडाचा कोरडेपणा आणि तहान भागवणारी म्हटली. त्याच शतकात गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता, जो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही औषधोपचाराला जायचा, आपल्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात दालचिनीवर एक अख्खा संवाद लिहितो आणि जुन्या ग्रीक-अरब नावांच्या गोंधळाशी झगडतो. आणि आज आमच्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही तज आणि दालचिनी यांची मानकं वेगवेगळी आहेत. तरी आमच्या नाक्यावर, त्याच्या पुढच्या नाक्यावर, चकचकीत मॉलमध्येही, जाड सालीच्या पाकिटावर बिनदिक्कत 'दालचिनी' छापलेलं असतं. जर्मनीतल्या मावसबहिणीने पाठवलेल्या छोट्याशा डबीवर साल कुठली ते स्पष्ट लिहिलं होतं. इतकं साधं काम आपल्याकडे का होऊ नये, याची मला खरोखर चीड येते. ही गोष्ट स्वयंपाकघरात फोडणीला पडते तोवर ठीक होतं. लोक ती चमच्याने औषध म्हणून घ्यायला लागले आहेत, तर ती कोणती आहे हे सांगायला नको का?

पूड मी विकत घेत नाही. २०२३ साली अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंदाच्या प्युरीत घातलेल्या दालचिनीच्या पुडीतून शिसं गेलं आणि शेकडो मुलांच्या रक्तात सापडलं. साल डोळ्यांना दिसते, हाताला लागते, चुरून पाहता येते. पुडीत काय मिसळलं ते नुसत्या नजरेला कधीच कळत नाही. चिपळूणच्या बाजारात किंवा ओळखीच्या बागायतदाराकडे पातळ साल मिळते. तजेपेक्षा बरीच महाग पडते, पण औषधाला लागते किती?

बाबांची चमच्याने घ्यायची सवय सुटली ती चहामुळे. साखर बंद झाल्यापासून त्यांना चहा म्हणजे शिक्षा वाटत होती. आईने एकदा दूध घालायच्या आधी पाण्यात कोकणातल्या सालीचा नखाएवढा तुकडा टाकला आणि झाकण ठेवून मुरू दिला. त्या सालीला स्वतःचाच एक गोडवा असतो. पहिला घोट घेऊन बाबांनी कपात वाकून बघितलं आणि "साखर घातलीस?" असं अविश्वासाने विचारलं. मधुमेहात दालचिनीचा मला पटलेला सगळ्यात भक्कम उपयोग हाच आहे. जी साखर पोटात जायची ती गेली नाही, आणि माणूस चहावर रुसला नाही. यासाठी कुठल्याही प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही.

त्यांच्या फायलीत पहिल्याच पानावर मी गोळ्यांची यादी लावली आहे. मेटफॉर्मिन, रक्तदाबाची गोळी, डोळ्यांचे थेंब, आणि त्याखाली: दालचिनी, पातळ सालीची, नखाएवढी, सकाळच्या चहात. आधीचं चमच्याचं प्रकरणही तारखांसकट लिहिलं. डॉक्टरांनी ते वाचलं, चष्म्यावरून बाबांकडे बघितलं, यकृताची एक तपासणी वाढवून दिली आणि चहातली दालचिनी चालू ठेवायला हरकत नाही म्हणाले. बाबांनी लगेच विचारलं, मग संध्याकाळच्या चहालाही चालेल का? डॉक्टरांनी उलट विचारलं, संध्याकाळच्या चहाबरोबर बिस्किटं किती? त्यावर बाबा माझ्याकडे बघायला लागले, आणि तो वाद अजून मिटायचा आहे.